'लोकस नाही' म्हणून हायकोर्टाने याचिका फेटाळली, म्हणजे ट्रस्टी बरोबर ठरले का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं मराठी देवस्थान, तुमच्या आजोबांनी वाड्यालगतची जागा देवळाला दान दिलेली, देवळाचा ट्रस्ट आहे, आणि आता विश्वस्तांनी मागचं अंगण दुकानं काढायला एका पार्टीला तीस वर्षांच्या लीजवर देऊन टाकलं, भक्तमंडळींना पत्ताच नाही. तुम्ही हायकोर्टाच्या ग्वाल्हेर खंडपीठात रिट याचिका टाकलीत, दुसऱ्याच पेशीत, म्हणजे सुनावणीत, फेटाळली गेली, ऑर्डरमध्ये लिहिलंय की याचिकाकर्त्याला लोकस, म्हणजे या प्रकरणात दाद मागायचा अधिकार, नाही. तुमचे प्रश्न दोन, कोर्टाने लीज बरोबर ठरवली का, आणि आता सगळं संपलं का.

दोन्हीचं उत्तर नाही असंच आहे. पण का नाही ते नीट समजून घेतलंत तरच पुढचं पाऊल बरोबर पडेल, म्हणून जरा लांब लिहितेय.

मी ग्वाल्हेरला सव्वीस वर्षं वकिली करतेय, जास्त करून रिट, ट्रस्ट आणि ट्रान्सपोर्टच्या केसेस. लोकस हा शब्द ऐकून अशिलाचा चेहरा कसा पडतो ते मी खूपदा बघितलंय. माझ्या आजोबांची जागा आणि मलाच विचारतात तू कोण, असं वाटतं, आणि ते वाटणं अगदी खरं आहे, मला त्याचा राग येत नाही. फक्त कोर्टाने जे विचारलं ते 'तू कोण' असं नसतं. कोर्ट विचारतं, तुम्ही कोणत्या नात्याने आलात? तक्रार खरी की खोटी हा त्याच्या पुढचा प्रश्न, आणि तुमच्या केसमध्ये कोर्ट तिथपर्यंत गेलंच नाही. लीज कायदेशीर आहे असं एक अक्षर त्या ऑर्डरमध्ये नसणार, असेल तर मला आश्चर्य वाटेल.

नातं म्हणजे काय ते समजावायला मी ज्युनियर मुलांना नेहमी दोन टॉकीजच्या केसेस सांगते. पहिली उडुपीची, १९७४ची. नगरपालिकेने नियोजनाचे नियम बाजूला ठेवून वस्तीत सिनेमा थिएटरला परवानगी दिली, शेजारी राहणारा एक माणूस कोर्टात गेला. सुप्रीम कोर्ट म्हणालं हा येऊ शकतो, कारण बेकायदा बांधकामाचा त्रास त्या वस्तीत राहणाऱ्यांनाच होतो, नियम त्यांच्यासाठीच केलेले आहेत. दुसरी गुजरातमधल्या मेहमदाबादची, डिसेंबर १९७५ची. तिथेही नवीन टॉकीजला दिलेल्या ना-हरकत प्रमाणपत्रालाच आव्हान होतं, पण कोर्टात गेला तो गावातल्या दुसऱ्या टॉकीजचा मालक. त्याला सांगितलं, तुझा धंदा कमी होईल हे खरं असेल, पण तुझा कुठला कायदेशीर हक्क गेला? तो हरला. वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने तेच सुप्रीम कोर्ट, दोन्हीकडे टॉकीजच, आणि निकाल उलटे. फरक एवढाच की एक शेजारी म्हणून आला आणि दुसरा स्पर्धक म्हणून. मेहमदाबादच्या निकालात कोर्टाने येणाऱ्यांचे तीन प्रकार केलेत, ज्याचं स्वतःचं काही गेलं तो, तिऱ्हाईत, आणि उगाच नाक खुपसणारा. पहिल्याला दार उघडं, तिसऱ्याला बंद, आणि मधल्याचं त्या त्या केसवर अवलंबून. आजही बहुतेक ऑर्डरींमध्ये हाच निकाल उद्धृत केलेला सापडतो.

आमच्या ग्वाल्हेरात तर हे रोजचं, कारण मध्य प्रदेशचं स्टेट ट्रान्सपोर्ट अपीलेट ट्रिब्युनल, म्हणजे बसच्या परमिटांची अपिलं ऐकणारं न्यायाधिकरण, इथेच. भिंड किंवा शिवपुरीच्या रूटवर एकाची बस चालू असते, दुसऱ्याला परमिट मिळालं की पहिला धावत येतो, मॅडम स्टे पाहिजे. त्याला मी स्पष्ट सांगते, १९८८चा मोटार वाहन कायदा आला तेव्हापासून जुन्या ऑपरेटरला नवीन परमिटला विरोध करायचा हक्क राहिला नाही, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये ते सांगून टाकलंय. धंद्यातलं नुकसान वेगळं आणि कायद्यातलं नुकसान वेगळं. हां, नवीन परमिटवाल्याने तुमच्या ठरलेल्या टायमिंगमध्येच गाडी घातली तर गोष्ट बदलते, कारण तुमचं टायमिंग तुमच्या परमिटवर लिहिलेलं आहे. म्हणजे तोच माणूस, तीच बस, एका नात्याने बाहेर आणि दुसऱ्या नात्याने आत.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही लिहिलंय की याचिकेत स्वतःची ओळख 'दानदात्याचा नातू' अशी दिली होती. मला वाटतं पाणी इथेच मुरलं. एकदा जागा देवाला दिली की देणाऱ्याची मालकी तिथे संपते, आणि जी मालकी आजोबांकडेच उरली नाही ती नातवाकडे येणार कशी? तुमच्या आजोबांचं घराणं देवस्थानाचं मूळ संस्थापक असेल, पूजा-वहिवाट घराण्याकडे ठेवल्याचा कागद असेल, तर ते वेगळं प्रकरण, त्यात वंशजांना चांगलंच नातं असतं. पण आधीपासून असलेल्या देवळाला कोणी जमीन दिली असेल तर वारस म्हणून तुम्ही कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ तिऱ्हाईतच. ऐकायला कडू आहे, मला माहितीये.

पण तुम्ही त्याच देवळाचे भक्त आहात ना? लहानपणापासून जाता, उत्सवाची वर्गणी देता, घरातलं कोणी व्यवस्थेत होतं? ते याचिकेत कुठे होतं? बहुतेक ठिकाणी मी बघते, पहिला पॅरा साचेबंद असतो, 'याचिकाकर्ता भारताचा नागरिक असून अमुक ठिकाणी राहतो', झालं. एवढ्यावर नातं कसं दिसणार.

काही वर्षांपूर्वी अशाच एका देवस्थानाच्या कामात एक आजी माझ्याकडे आल्या होत्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, नऊवारी, हातात स्टीलचा पोळ्यांचा डबा. मला वाटलं नातवासाठी खाऊ असेल. उघडला तर आत पावत्या, पालखीच्या वर्गणीच्या, सासूबाईंच्या नावाच्या आणि मग त्यांच्या स्वतःच्या नावाच्या, वर्षानुसार सुतळीने बांधलेल्या, काही इतक्या पिवळ्या की घडीवर फाटलेल्या, सव्वा रुपया, पाच रुपये, मग अकरा, मग एकावन्न. त्या म्हणाल्या, "बाई, एवढंच आहे माझ्याकडे, चालेल का?" चालेल का! समोरचे वकील लोकसवर बोलायला उभे राहिले तेव्हा मी फक्त त्या पावत्यांची यादी दाखवली आणि तो मुद्दा तिथेच मिटला. तेव्हापासून ट्रस्टच्या कामाला कोणीही आलं की मी आधी पावत्या, पत्रिका, उत्सवाचे फोटो, जुन्या सभेची नोटीस हेच मागते, कायदा नंतर.

आता तुम्ही म्हणाल मग जनहित याचिका करू, त्यात लोकस लागत नाही. असं सर्रास सांगितलं जातं आणि ते अर्धवट आहे. १९८१च्या जजेस ट्रान्सफर केसमध्ये न्या. भगवतींनी दार मोठं केलं हे खरं, पण ते कोणासाठी? जे गरिबीमुळे, अडाणीपणामुळे स्वतः कोर्टापर्यंत पोचू शकत नाहीत त्यांच्यासाठी दुसरं कोणी येऊ शकतं, आणि सार्वजनिक नुकसान असेल तर सद्भावनेने नागरिक येऊ शकतो. पुढे २०१० साली उत्तरांचलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की आधी याचिकाकर्ता कोण, त्याचा हेतू काय, हे तपासा, आणि हायकोर्टांना त्यासाठी नियम करायला लावले. नोकरीविषयक भांडणात तर जनहित सहसा चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये सांगितलंय. तुमच्या केसमध्ये स्वतःच्या कुटुंबाचा संबंध आहे, तो लपवून जनहित म्हणालात तर पहिल्याच पेशीत समोरचे तो उघडा करतील आणि वर कॉस्ट, म्हणजे खर्चाचा भुर्दंड, बसायची भीती. माझा सल्ला, त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्यासाठी जी वाट आहे ती आमच्या मध्य प्रदेशच्या कायद्यातच आहे, लोक न्यास अधिनियम १९५१. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगते, तुमच्याकडे धर्मादाय आयुक्त असतात, आमच्याकडे तसं वेगळं ऑफिस नाही, कलेक्टर हेच रजिस्ट्रार आणि प्रत्यक्षात काम बघतात एस.डी.एम. (उपविभागीय दंडाधिकारी), लोक त्यांना 'पंजीयक लोक न्यास' म्हणतात. या कायद्याचं कलम १४ म्हणतं की सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, गहाण टाकायची, अदलाबदल करायची, दान द्यायची, किंवा शेतजमीन सात वर्षांपेक्षा जास्त आणि बाकी जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायची तर रजिस्ट्रारची आधी मंजुरी लागते, नाहीतर तो व्यवहार वैध नाही. तीन वर्षं. तुमची लीज तीस वर्षांची आहे. कळलं ना मी सुरुवातीलाच एवढ्या ठामपणे 'नाही' का म्हटलं?

आणि कलम २६. न्यासात हितसंबंध असलेली कोणीही व्यक्ती रजिस्ट्रारकडे अर्ज देऊ शकते की मालमत्तेची व्यवस्था नीट होत नाहीये. रजिस्ट्रारला पटलं तर तो विश्वस्तांना जिल्हा कोर्टाकडून निर्देश घ्यायला सांगतो, आणि त्यांनी टाळलं तर स्वतः कोर्टात जातो. म्हणजे इथे 'हितसंबंध असलेला' हे नातं कायद्यानेच तुमच्या हातात दिलंय, ते हायकोर्टाकडून मागून घ्यायची गरज नाही. ह्या कलम १४ला किती वजन आहे ते इंदूरच्या 'खासगी' याच नावाच्या ट्रस्टच्या केसमध्ये दिसलं, अहिल्यादेवींच्या नावाच्या त्या धर्मादाय मालमत्तांच्या विक्रीचा वाद जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवला, तेव्हा हा कायदा त्या ट्रस्टला लागू आहे असं सांगितलं आणि झालेले सगळे व्यवहार तपासून ट्रस्टचं नुकसान झालं का ते बघायचं काम रजिस्ट्रारकडेच सोपवलं. होळकरांच्या ट्रस्टला जो नियम तो आपल्या गल्लीतल्या देवळालाही.

लोक म्हणतात एस.डी.एम. ऑफिसात अर्ज दिला की तो धूळ खातो. खातो कधीकधी, खोटं का सांगू. पण तिथेच एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचा स्वतःचा अर्ज पावतीसकट पडून असेल आणि त्यावर काहीच होत नसेल, तर त्यावर तुम्ही हायकोर्टात परत जाऊ शकता, मागणी एवढीच ठेवायची की माझा अर्ज अमुक मुदतीत सुनावणी देऊन निकाली काढा. तेव्हा तुमचं आजोबांशी, देवळाशी नातं काय हा वाद मागे पडतो, कारण अर्ज तुमचा आहे आणि त्यावर उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे. आज ज्या कोर्टाने परत पाठवलं तेच कोर्ट असे छोटे आदेश नेहमी देतं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. तुमची ऑर्डर मी बघितलेली नाही, तुम्ही सांगितलेलं एक वाक्य बघितलंय. बऱ्याचदा अशील सांगतो 'लोकसवर गेली' आणि ऑर्डर उघडली की वेगळंच निघतं. लोकस नाही म्हणजे तुम्ही चुकीची व्यक्ती. मेंटेनेबल नाही म्हणजे ज्याच्याविरुद्ध आलात तो चुकीचा, जसं की खासगी ट्रस्टवर थेट रिट सहसा चालत नाही. पर्यायी उपाय आहे म्हणजे माणूस बरोबर, तक्रारही ऐकण्यासारखी, पण दार चुकलं. तिन्हींचं पुढचं पाऊल वेगळं. शेवटचा पॅरा शब्दन्‌शब्द वाचा, आणि त्यात 'लिबर्टी' हा शब्द आहे का बघा, म्हणजे योग्य ठिकाणी जायची मोकळीक दिलीय का. असेल तर अपिलात वेळ घालवू नका, सरळ रजिस्ट्रारकडे जा.

दुसरं, हे देवस्थान माफी-औकाफचं तर नाही ना? बाहेरच्यांना सांगायला हवं की शिंदे सरकारच्या काळात ग्वाल्हेर संस्थानात देवळांना माफीच्या, म्हणजे सारा माफ असलेल्या, जमिनी होत्या आणि त्या औकाफ, म्हणजे देवस्थानं बघणाऱ्या, खात्याखाली असत, तो रेकॉर्ड अजून महसूल खात्यात चालतो. तसं असेल तर ट्रस्टींना लीज द्यायचा अधिकारच कुठून आला इथपासून सुरुवात होईल आणि सरकार स्वतः पार्टी होईल. खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या महसुली उताऱ्याची, नक्कल काढा. सप्टेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्याच देवळांच्या जमिनींवर सांगितलंय की पुजारी मालक नाही, मालकीच्या रकान्यात फक्त देवाचं नाव पाहिजे. तुमच्या खसऱ्यात त्या रकान्यात कोणाचं नाव आहे हे मला तुमच्या ऑर्डरइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मुदत. सिंगल बेंचने, म्हणजे एकाच न्यायाधीशाने, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली फेटाळली असेल तर मध्य प्रदेशच्या २००५च्या कायद्याप्रमाणे दोन न्यायाधीशांच्या डिव्हिजन बेंचकडे रिट अपील होतं, ४५ दिवसांत. मुळातच डिव्हिजन बेंचची ऑर्डर असेल तर रिट अपील नाही, मग सुप्रीम कोर्ट, ९० दिवस. माझं विचाराल तर तुम्ही सांगितलेल्या हकीकतीवर मी अपील करणार नाही, कारण अपिलात तुम्हाला त्याच 'नातू'वाल्या याचिकेचा बचाव करावा लागेल, पावत्या तिथे नव्याने घालता येणं कठीण. पण तारीख उलटू देऊ नका, ऑर्डर वाचून मगच ठरवा.

एक गोष्ट ग्वाल्हेरच्याच एका केसमुळे सगळ्या देशात कायदा झाली, ती इथे सांगायलाच पाहिजे. सरगुजा ट्रान्सपोर्ट सर्व्हिस विरुद्ध आमचं हे ट्रिब्युनल, सुप्रीम कोर्ट, १९८६. रिट मागे घेताना नवीन रिट करायची परवानगी मागितली नाही तर त्याच कारणासाठी परत रिट करता येत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एकदा कोर्टाचा कल बघून मी घाईत म्हणून गेले, "विदड्रॉ करते", आणि खाली बसणार एवढ्यात माझ्या सीनियरनी मागून कोट ओढला आणि हळूच म्हणाले, "लिबर्टी माग." मागितली, मिळाली. ते दोन शब्द राहून गेले असते तर त्या अशिलाचा रस्ता माझ्यामुळे बंद झाला असता, आजही ती पेशी आठवली की अंगावर काटा येतो. तुमच्या ऑर्डरमध्ये 'विदड्रॉन' असं लिहिलंय की 'डिसमिस्ड' असं, हे म्हणून नीट बघा.

फेटाळली असेल तर मुद्द्यावर निकाल झालेला नाही, त्यामुळे लीज बेकायदा आहे हा प्रश्न योग्य माणूस योग्य ठिकाणी परत उभा करू शकतो. फक्त आधीची ऑर्डर लपवायची नाही, पुढच्या प्रत्येक अर्जात, दाव्यात पहिल्याच पानावर सांगायची, नक्कल जोडायची. लपवलेली ऑर्डर समोरच्याने दाखवली की चांगली केससुद्धा बुडते.

आणि जर अंगणात खोदकाम सुरू झालं असेल तर रजिस्ट्रारची वाट बघत बसू नका. देव कायद्याने अज्ञान बालकासारखा असतो, आणि सांभाळणारेच त्याच्या हिताविरुद्ध वागत असतील तर भक्त त्याच्या वतीने दिवाणी कोर्टात दावा करू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच सांगितलंय. तो दावा देवाच्या नावाने, तुम्ही त्याचे 'वादमित्र', म्हणजे त्याच्या वतीने दावा चालवणारे, म्हणून, आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. एकटे जाऊ नका, आणखी दोन-तीन नेहमीचे भक्त बरोबर घ्या, वेगवेगळ्या घरांतले, म्हणजे घरगुती भांडण आहे असं म्हणायला जागा उरणार नाही.

तर सोमवारी आधी नक्कल शाखेत जाऊन ऑर्डरची प्रमाणित प्रत मागा, मग एस.डी.एम. ऑफिसातून ट्रस्टच्या रजिस्टरची नक्कल आणि लीजला कलम १४ची मंजुरी होती का याची माहिती, लेखी अर्जाने, पोचपावती घेऊन. मंजुरी निघाली तर लढाई वेगळी होईल, मग ती मंजुरी देताना ट्रस्टचं हित बघितलं का यावर बोलावं लागेल. आणि घरी आईला, काकूला विचारा, देव्हाऱ्याच्या खणात किंवा पंचांगांच्या गठ्ठ्यात देवळाच्या पावत्या ठेवल्यात का, बहुतेक असतात. त्या सापडल्या की वर्षानुसार लावा आणि लॅमिनेट करू नका, तशाच राहू द्या, मूळ कागद मूळ रूपातच दाखवायचा असतो.